पेस्ट लावायची कुणी

ऐन एप्रिलात दारातली सावली कापून टाकणारी बाई म्हणून आख्ख्या गल्लीत माझं नाव झालंय. बोलू देत. कोल्हापूरकरांना ऊस कळतो, भात कळतो, द्राक्ष निस्तं खायला कळतं. माझं माहेर तासगावाकडचं. हिवाळा सरला, घड उतरले, की वेलाला थोडे दिस गप बसू द्यायचं आन् एप्रिलात खरड छाटणी करायची, हे आम्हाला कुणी शिकवावं लागत न्हाय. खरड म्हंजे खरडच. सगळ्या काड्या बुडाशी एकदोन डोळे, म्हंजे कोंब फुटायच्या गाठी, ठेवून उडवायच्या. मांडवावर पान राहत न्हाय, निस्ती दांडकी दिसतात. पण हितं दयामाया दाखवली की पुढच्या वर्षी बसा पानं खात. पुढच्या सालचं फळ ह्याच दिवसांत डोळ्यात धरतं, हे शेजारच्या झुंबरबाईला सांगून सांगून माझी जीभ झिजली. "अगं संयोगिता, मग उन्हाचं आम्ही बसायचं कुठं?" असं ती दर साली विचारते. आमची सावली तिच्या पायरीपर्यंत जाते, तवा तिचंबी काय चुकत न्हाय.

हा वेल माझ्या वडलांनी, आण्णांनी, माझं लगीन झालं त्या वर्षी लावून दिला. मांडव आमच्या ह्यांनी केला. हे, म्हंजे बाळासो, शिरोलीला फौंड्रीत हायत. पायपा वाकवून, जोडून असा मांडव उभा केला की गल्लीतली पोरं लोंबकळली तरी हलत न्हाय. आण्णा वर्षातनं दोनदा येतात, एप्रिलात खरडीला आन् ऑक्टोबरात फळछाटणीला. घरची एवढी बाग टाकून एका वेलासाठी म्हातारा माणूस एसटीचे धक्के खात येतो, दोन-तीन दिस राहतो, ह्याचं मला केवढं कवतिक हुतं. झुंबरबाईला मी किती डाव ऐकवलं असंल, बाप असावा तर असा.

आणि आण्णांचं गावात नावच तसं. आकारामआण्णा म्हटलं की माणसं बसल्या जागची उठतात. गळ्यात माळ. गावातलं दारूचं दुकान बंद करायला बायांनी मतदान मागितलं, तवा त्यांच्या पुढं आण्णा हुते. बाटली आडवी झाली त्या दिवशी त्यांच्या गळ्यात हार घातले लोकांनी. आणि अशा माणसाची लेक कुणाच्या घरात, तर दारुड्याच्या.

व्हय, आमचं हे पीत हुते, झाकून काय ठेवू. फौंड्री सुटली की पाय घराकडं वळायचेच न्हाईत. दोनदा तर झुंबरबाईच्या अतुलनं त्याच्या रिक्षातनं उचलून आणलंय. दोन हजार सालाच्या दिवाळीत आम्ही माहेरी गेलतो, तितं आण्णांनी माझ्या भावांसमोर ह्यांना बसवून सांगितलं, "पावणं, आजवर सांगत आलो, हितनं पुढं सांगणार न्हाय. आणखी एकदा तोंडाला लागली असं कळलं की पोरीला आन् नातीला घिऊन येणार. परत धाडणार न्हाय." हे कोल्हापूरला आल्यावर तडक जोतिबाला गेले, पायरीवर हात ठेवून सोडली म्हणाले आन् गुलालानं माखून घरी आले. आमची साक्षी सात वर्षांची. तिला खरं वाटलं. तिला काय, बाप म्हणंल ते खरं.

मला न्हाय वाटलं. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकबी फुंकून पितो, आन् माझं तर सात-आठ वर्षं पोळत हुतं. हे घरी आले की मी आधी वास घ्यायची. डब्याचा वास, रुमालाचा वास. स्कूटरची डिकी रोज उघडून बघायची, आन् लपूनछपून न्हाय, त्यांच्यासमोर. ते आपले उभे राहायचे, मी बघून झालं की डिकी बंद करायचे आन् आत यायचे. दिवाळीपासनं एकदाबी काय सापडलं न्हाय. तर मला वाटायचं, लपवायला शिकले.

औंदा एप्रिलात आण्णा रविवारी आले. जोतिबाची यात्रा नुकतीच सरलेली, चौदा तारखेची जयंती तोंडावर आलेली. शेजारी अतुल रिक्षाला निळ्या पताका लावत बसलेला. सोमवारी एमआयडीसीला सुट्टी, म्हणून हेबी घरात. सकाळी आण्णांनी कात्री घेतली आन् ऊन चढायच्या आत मांडव मोकळा करून टाकला. हात काय बसलाय त्या माणसाचा. खाली काड्यांचा ढीग पडला, कापलेल्या टोकांनी पाणी गळायला लागलं. साक्षी म्हणाली, "आजोबा, वेल रडतोय." आण्णा म्हणाले, "रडू दे बाळा, त्यानं जीव जात न्हाय."

आता पेस्टीचं सांगते. छाटल्यावर सगळे डोळे एकदम फुटावेत म्हणून त्यास्नी एक औषध लावतात, त्याला आमच्याकडं पेस्टच म्हणतात. त्यात गुलाबी रंग घालायचा, म्हंजे कुठला डोळा राहिला ते कळतं. गेल्या साली आमच्या वेलाचे निम्मे डोळे मुकेच राहिले हुते, म्हणून औंदा मीच आण्णांला थोडी पेस्ट आणायला सांगितली. दारात पहिल्यांदाच लावणार हुतो. आणि पेस्टीचा एक नियम तिकडं शेंबड्या पोरालाबी म्हाईत असतो. पेस्ट लावणाऱ्यानं दारू प्यायची न्हाय. आदल्या दिवशी न्हाय, त्या दिवशी न्हाय, नंतरबी आठवडाभर न्हाय. पोटात दारू गेली की तोंड लालभडक हुतं, छाती धडधडते, श्वास लागतो. माणूस जातोबी. म्हणून बागेत गडी पेस्टीला घेताना मालक आधी विचारून घेतो. आण्णांच्या बागेतबी पेस्ट गडीच लावतात, आण्णा बांधावर उभे राहून बघतात.

ह्यांनी हातात मोजे घातले, काठीला फडकं गुंडाळलं आन् डबा उचलला. आण्णा म्हणाले, "लावू देत पावण्यांला. उंच हायत, हात पुरतो त्यांचा."

मी चुलीपुढनं उठून बाहेर आले. म्हटलं, "खाली ठेवा ते."

हे बघायला लागले.

"ठेवा म्हणते न्हवं. तुमचा काय भरवसा? हितं पेस्ट लावाल, सांजंला कुठंतरी घोट घ्याल, आन् रातच्याला मी विधवा. आण्णा लावतील. त्यांच्या बाबतीत काय भ्या न्हाय."

हे मी दारात, सगळ्यांच्या देखत बोलले. झुंबरबाई पायरीवर तांदूळ निवडत हुती, ती खुदकन हसली. अतुलनं पताका लावता लावता मान वळवली. साक्षी तितंच हुती. ह्यांनी काठी मांडवाच्या खांबाला टेकवली, एकेक मोजा काढला आन् डब्याशेजारी ठेवला. त्यांचे कान तेवढे लाल झाले हुते.

आण्णा म्हणाले, "अगं, उद्या लावू की. आज ऊन लई हाय."

"आण्णा, तुमचंच बोलणं, छाटलं की लगेच लावायची."

"मग पावण्यांलाच लावू दे. सोडलीय म्हणतात न्हवं."

"म्हणतात," मी म्हटलं. "तुम्ही लावा."

 मला वाटलं, जावयाची बाजू घेतोय बिचारा, मन मोठं हाय. मग त्यांनी काठी घेतली. मोजे घाला म्हटलं तर म्हणाले, "चार काड्यांला काय मोजे." स्टुलावर चढून एकेक डोळा भिजवत गेले. मनगटापर्यंत हात गुलाबी झाले.

माझं एवढ्यावर भागलं न्हाय. स्कूटरची किल्ली मी काढून कमरेला खोचली आन् दिवसभर ह्यांच्यावर पाळत ठेवली. ते कोपऱ्यावरच्या टपरीवर जातो म्हणाले तर साक्षीला संगट धाडलं, आन् ती पाच मिनिटांत बापाचा हात धरून परत आली. बाकी सगळा दिवस त्यांनी वेलाच्या बुडाशी घालवला. आळं खणलं, शेणखत भरलं, पाणी दिलं, काड्यांच्या मोळ्या बांधल्या. आण्णा जेवले, मी केलेलं सरबत प्याले आन् झोपले. ऊन उतरल्यावर उठले, पिशवी घेतली आन् "मारुतीला जाऊन येतो" म्हणून गेले. हे त्यांचं दर वेळंचंच. दिवेलागणीला परत आले, ताटावर बसले.

दुसरी भाकरी वाढायला गेले तर आण्णांच्या तोंडाकडं माझं लक्ष गेलं. मान, कपाळ, कान, सगळं तांबडंलाल. डोळ्यांत रक्त उतरल्यागत. "उकडतंय लई," म्हणाले आन् ताटावरनं उठायला गेले तर भिंतीला धरून खालीच बसले. छाती अशी उडत हुती की सदरा हलताना दिसत हुता. मी ओरडले. ह्यांनी एका उडीत त्यांला धरलं आन् अतुलला हाक मारली. अतुलनं रिक्षा तशीच काढली, निम्म्या पताका वाटंत गळून पडल्या.

नाक्यावरच्या दवाखान्यात डॉक्टरनं नाडी बघितली, हात बघितले. "हा रंग कशाचा?" म्हणून विचारलं. मी पेस्टीचं सांगितलं. मागनं झुंबरबाई चालत आलेली, दवाखान्यातले चार पेशंट हुते, सगळे ऐकत हुते.

डॉक्टर म्हणाले, "ह्यांनी दारू घेतलीय का?"

"अवो डॉक्टर, माळकरी हायत ते," मी म्हटलं. मला रागच आला त्यांचा.

"बाई, मला नीट सांगा. घेतली असली तर हे औषधाचं हाय, त्याचं मी बघतो. नसली तर हृदयाचं असणार, मग हितं वेळ घालवून चालायचं न्हाय."

आण्णांनी डोळे मिटलेले. श्वास चढत हुता, पण शुद्ध हुती, सगळं ऐकू येत हुतं त्यांला. डॉक्टरनं त्यांनाच विचारलं, "बाबा, प्यालाय का?" आण्णांनी मान हलवली. न्हाय म्हणून.

तवा हे म्हणाले, "प्यालेत डॉक्टर. मी पाजली. सरबतातनं. त्यांना म्हाईत न्हवतं."

 आणि मग मी जे बोलले ते गल्लीत अजून लोक एकमेकांना सांगतात. माझ्या बापाच्या जिवावर उठलासा, म्हटलं. सकाळी मी बोलले त्याचा सूड घेतलासा व्हय. जोतिबाला फसवलंत, पोरीला फसवलंत, तुमच्या हातचं पाणीबी नको आम्हाला. पायातली चप्पल काढून हातात घेतली हुती मी, झुंबरबाईनं मनगट धरलं म्हणून, न्हायतर नवऱ्याला भर दवाखान्यात हाणली असती. हे तितंच भिंतीला टेकून उभे. आणि आण्णा खाटेवर डोळे मिटून. डॉक्टरनं इंजेक्शन दिलं, सलाईन लावलं, आन् मला बाहेर जाऊन बसायला सांगितलं.

बाकावर बसल्यावर चप्पल पायात घालायला खाली वाकले तर कमरेला काहीतरी टोचलं. स्कूटरची किल्ली. आणि तितंच माझं डोकं ठिकाणावर आलं.

दिवसभर हे माझ्या डोळ्यासमोर हुते. किल्ली माझ्याकडं. टपरीवर गेले तर संगट पोरगी. सरबत मी स्वतः केलं हुतं आन् पेले मीच विसळले हुते. घरातनं बाहेर गेलं कोण, तर आण्णा. एकटे. पिशवी घिऊन. एवढी पाळत ठेवली मी, आन् त्या पाळतीनं काय शाबीत झालं तर हे, की माझ्या नवऱ्यानं थेंब आणला न्हाय. चोर सोडून संन्याशाला फाशी. अंगावर कुणी गरम पाणी ओतावं तशी लाज उतरत गेली. आत जावं, सगळ्यांसमोर सांगावं, असं वाटलं. उठले पण दारापर्यंतबी गेले न्हाय. आत माझा बाप हुता.

आण्णांला घंटाभरानं उतार पडला. घरी आणलं, झोपवलं. सकाळी हे न्हाणीपाशी दात घासत हुते, तितं मी गेले.

"तुम्ही पाजली न्हाय," मी म्हटलं.

"न्हाय."

"मग म्हणालासा कशापायी?"

त्यांनी चूळ भरली. "डॉक्टरला सांगायला तर पाहिजे हुतं. ते स्वतः सांगणार न्हवते, मेले असते तरी. कुणाच्या तरी नावावर घालायचंच हुतं."

"तुम्हाला कसं कळलं त्यांनी घेतलीय?"

"मला म्हाईत हाय. दोन वर्षांमागं गांधीनगरच्या रस्त्याला एका दारूच्या दुकानात मी गेलतो, तर आतल्या बाकावर मामा, तुझे आण्णा, बसलेले. त्यांनी मला बघितलं, मी त्यांना. दोघांनीबी मान खाली घातली. दिवाळीत मला सांगत हुते तवा बघितलं न्हाईस? एकदाबी माझ्या डोळ्याला डोळा दिला न्हाय त्यांनी."

म्हंजे वर्षातनं दोनदा एका वेलासाठी माणूस का येतो, दोन-तीन दिस का राहतो, रोज सांजंला मारुतीला का जातो. गावात तर त्यांनीच दुकान बंद पाडलेलं. असला विचार लेकीनं करू नये. आला, त्याला काय करू. वेल लावताना तरी माझ्यासाठी लावला असंल, असं मी माझ्याच मनाला सांगत बसले.

"मला आधी सांगायचं हुतं की," मी म्हटलं. 

"तुला? तू माझी डिकी बघणार का माझं ऐकणार?" ते रागानं बोलले असते तर बरं झालं असतं. "काल मी म्हणालो, मी पाजली. साक्षीबी म्हणाली असती, पप्पा कसं पाजतील, सोडलीय त्यांनी. तू एकदा तरी विचारायचं, कवा पाजली, कुठनं आणली. तू तर चप्पलच काढलीस."

 मी त्यांच्या पाया पडायला वाकले तर ते बाजूला झाले. "राहू दे," म्हणाले. "मामा उठतील. त्यांला आज घरी जाऊ दे नीट. दिवाळीत मला म्हणाले हुते, पोरीला घिऊन जातो म्हणून. आता काय करतात बघू."

हे ऐकल्यावर मला नवीनच भीती पडली. आण्णांनी शब्द दिला हुता, सगळ्यांसमोर. आता त्यांनी तो पाळायचा म्हटलं तर ह्यांचं घर मोडणार, आन् न्हाय पाळायचा तर का न्हाय ते सांगायला लागणार. मी मनात ठरवलं, आण्णांनी नुसतं तोंड उघडू दे, मी सगळं बोलणार. बाप असला म्हणून काय झालं.

आण्णा उठले, अंघोळ केली, गंध लावलं. चेहरा उतरलेला, पण धोतर कडक. हातावर गुलाबी रंग तसाच हुता. दारात आले तवा मांडवाखाली माणसं जमलेली. काल दवाखान्यात तमाशा झाला, त्याचा आज निकाल लागणार, ते बघायला. झुंबरबाई, अतुल, पलीकडच्या दोघीतिघी. त्यांनी आण्णांला वाट करून दिली.

आण्णांनी ह्यांच्याकडं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता बोलतील. खरं बोलतील. माझा बाप हाय, बोलंल.

"पावणं," आण्णा म्हणाले, "मी शब्द दिला हुता. पण मी बाप हाय. पोरीचा संसार मोडायचं पाप माझ्या हातनं व्हायला नको. झालं ते झालं, मी माफ केलं. आता तरी सुधरा."

पलीकडच्या एका म्हातारीनं पदर डोळ्याला लावला. सगळी माणसं ह्यांच्याकडं बघायला लागली. मी हितं बोलायचं हुतं.  आण्णा माझ्याकडं बघत हुते, आन् त्यांच्या डोळ्यांत मी असलं काय बघितलं की मला त्यांच्याकडं बघवेना. भीक हुती ती. लहानपणापासनं ज्या माणसापुढं मी मान वर केली न्हाय, तो माझ्यापुढं भीक मागत हुता. मी खाली बघितलं. कापलेल्या काड्यांकडं बघत राहिले.

हे पुढं आले आन् आण्णांच्या पायावर डोकं ठेवलं. आण्णांनी त्या गुलाबी हातानं त्यांच्या पाठीवर थोपटलं. मग अतुलच्या रिक्षात बसून स्टँडकडं गेले. हे डबा घिऊन कामाला गेले. जाताना स्कूटर माझ्यापुढं थांबवली, खाली उतरले, डिकी उघडून दाखवली, बंद केली आन् निघून गेले.

झुंबरबाई माझ्याजवळ आली. माझ्या डोळ्याला पाणी बघून तिनं खांद्यावर हात ठेवला. "रडू नको गं," म्हणाली. "तुझा बा म्हंजे देवमाणूस. दुसरा कोण असता तर असल्या जावयाचं तोंड बघितलं नसतं. व्हय का न्हाय?"

"व्हय," मी म्हटलं.